सहा खान्यांची कार्डं

बायकोचा हेवा वाटतो असं उघड कबूल करणारा नवरा मी आमच्या खानदेशात तरी पाहिलेला नाही. शेजाऱ्याच्या स्कूटरचा हेवा करता येतो, साडूच्या बदलीचा करता येतो, तो चारचौघांत बोलूनही दाखवता येतो. बायकोचा हेवा करायचा तर आतल्या आत, आणि वरून तिचं कौतुक करत. मी ते बरीच वर्षं केलं. कौतुक तर मला फारच चांगलं जमायचं.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघंही धुळ्याला प्राध्यापक होतो. मी भूगोल शिकवायचो, ती मराठी, एम.ए.च्या वर्गाला ती भाषाविज्ञानाचा पेपर घ्यायची. देवपुरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. घरात टेबल एकच, आणि त्यावर माझे नकाशे पसरलेले. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, पोळपाट उलटा मांडून त्यावर पेपर तपासायची. याचं तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. पीएच.डी. मी करत होतो, तेव्हा टेबल माझंच असणार, इतका तो साधा हिशेब होता.

माझा विषय होता पांझरा नदीच्या काठच्या एका गावातला जमीनवापराचा बदल. त्या गावात फडाची जुनी पद्धत चालू होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि चाऱ्यांवर भिजणाऱ्या जमिनीचे चार मोठे भाग. त्या भागाला फड म्हणायचं. शेतं ज्याची त्याची, पण एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि कोणत्या फडात यंदा काय हे गावाने बसून ठरवायचं. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी असायचा. शेतकऱ्याने स्वतः चारीला हात लावायचा नाही.

सहा वर्षं मी त्या गावात जात होतो. दर हंगामाला मोजणीचं प्लेन टेबल मांडायचं, साखळी टाकायची, तलाठ्याच्या दप्तराशी ताळा घ्यायचा आणि घरी येऊन ट्रेसिंग पेपरवर नकाशा उतरवायचा. एकावर एक दोन कागद ठेवले की काय बदललं ते दिसायचं. इथे गहू होता, आता हरभरा. इथे खळं होतं, आता नाही. नकाशे फार देखणे व्हायचे, हे मी स्वतःच सांगतो. पुण्याचे माझे मार्गदर्शक ते पाहायचे, मान हलवायचे आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचे. बदललं ते कळलं, का बदललं? मी उत्तर द्यायचो की त्याचं प्रकरण शेवटी येणार आहे. सहा वर्षं ते प्रकरण शेवटीच होतं.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिला सोबत नेलं. हेतू स्वार्थी होता. मी नशिराबादकडचा, आमची बोली वेगळी. त्या गावातली माणसं आपसात अहिराणीत भराभर बोलायला लागली की माझी वही कोरी राहायची, आणि मी दिसलो की तीच माणसं सावरून शाळेतल्यासारखं मराठी बोलायची. तिचं माहेर अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातलं, अहिराणी तिची घरचीच. वाटलं, थोडीफार मदत होईल.

एसटीतून उतरल्यावर अर्ध्या तासात ती त्या गावची झाली. पाटकरी आबांनी मला सहा वर्षांत ‘या सर, बसा सर’च्या पुढे काही म्हटलं नव्हतं. तिला त्यांनी विचारलं, “कोन्या गावनी व ताई तू?” तिनं गाव सांगितलं. आबांच्या मावशीचं गाव तिथून दोन कोसांवर निघालं. मग काय, चहा झाला, शेंगा झाल्या, आणि मी बंधाऱ्याकडे प्लेन टेबल लावून एकटाच उभा राहिलो. शेंगा मला कोणी पाठवल्यासुद्धा नाहीत.

ती चारी ओलांडून पलीकडे बायका मिरच्या तोडत होत्या तिकडे जाऊन बसली. संध्याकाळी आम्ही एसटीनं परतलो. गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा ती मला म्हणाली, “तुम्ही दोन कागद एकावर एक ठेवता ना, त्यांच्या मध्ये जे घडतं ते ही माणसं वाक्यांत सांगतात. ती वाक्यं लिहून घेतली तर?”

मी म्हटलं, “वाक्यं कसली लिहून घ्यायची? मी भूगोलाचा माणूस.”

“मग मी घेते,” ती म्हणाली.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. तिनं त्यांच्या कोऱ्या पाठी कापून पोस्टकार्डाएवढे तुकडे केले आणि प्रत्येकावर सहा खाने आखले. कोणी, काय, कशानं, कोणासाठी, कुठून, कुठे. आपल्या जुन्या व्याकरणात कारकं सांगितली आहेत, त्यांचेच हे सहा खाने. क्रियेशी कोण कोणत्या नात्याने जोडलेलं आहे, एवढंच ते सांगतात. ती म्हणायची, जमिनीवर माणसानं मुद्दाम केलेला प्रत्येक बदल हे एक वाक्य आहे असं धरू. बांध घातला, विहीर खणली, खळं हलवलं. त्या वाक्याचे सहाही खाने भरता आले पाहिजेत. एखादा खाना रिकामा राहिला तर समजायचं, आपल्याला बदल दिसला पण कळला नाही.

एवढ्यावर थांबली असती तर मी कौतुक करून सोडून दिलं असतं. पण ‘कोणासाठी’ या चौथ्या खान्यात तिला दर वेळी नुसता माणूस सापडेना, तिथे आख्खं दुसरं वाक्य येऊन बसायचं. पाटातला गाळ काढला, कशासाठी, तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी जावं. पाणी कशासाठी जावं, तर तिथल्या भाऊंना गव्हाऐवजी कांदा लावता यावा. असं वाक्याच्या पोटात वाक्य. ती पत्रिकांचे तुकडे स्वयंपाकघराच्या फरशीवर झाडासारखे मांडायची, फांदीला फांदी जोडायची, आणि वरचं एक कार्ड उचललं की खालची कोणती निरर्थक होतात ते बघायची. दूध उतू जायचं. मी बाहेरच्या खोलीत टेबलापाशी बसून ते उतू गेलेलं ऐकायचो आणि उठायचो नाही.

पहिल्यांदा झोंबलं ते पुढच्या उन्हाळ्यात. गावानं शेपटाकडच्या फडातलं खळं उचलून रस्त्याच्या कडेला नेलं आणि तिथल्या बांधाचा कोपरा कापून सरळ केला. मी ते नकाशावर नेमकं दाखवलं. तिनं कार्डं मांडली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “पुढच्या साली या फडात ऊस लागेल.”

मी मोठ्यांदा हसलो. शेपटाकडच्या फडाला पाणी सगळ्यात शेवटी मिळतं. तिथे ऊस कधी लागलेला नव्हता. माझ्या सहा वर्षांच्या नकाशांत नव्हता, तलाठ्याच्या दप्तरात नव्हता.

“कोपरा कापलाय तो बैलगाडी वळावी म्हणून,” ती म्हणाली. “गहू-हरभऱ्याची गाडी आहे त्या वाटेनं वळते. एवढी जागा उसानं लांब भरलेल्या गाडीलाच लागते.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. कार्डावर तो एकच खाना रिकामा होता, त्यात दुसरं काही बसत नाही.”

पुढच्या साली त्या फडात ऊस लागला. मी बंधाऱ्यावर उभा राहून कोवळी हिरवी रोपं पाहिली आणि माझ्या पोटात अक्षरशः दुखलं. सहा वर्षं मी त्या मातीवर साखळ्या ओढल्या होत्या, उन्हात कातडं भाजून घेतलं होतं. आणि ही बाई, पोळपाटापाशी बसून, लग्नपत्रिकांच्या पाठीवर! त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “वा, कमाल केलीस.” चेहरा हसरा ठेवायला किती कष्ट पडतात ते मला तेव्हा कळलं.

चूक माझीच की मी हे मार्गदर्शकांना सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं होतं, बायकोचा उद्योग म्हणून. त्यांनी चष्मा काढला. माझ्या नकाशांसाठी त्यांनी चष्मा कधी काढला नव्हता. दोन तास ते तिच्याबद्दल विचारत होते. नंतरच्या पत्रात माझ्या प्रकरणाबद्दल दोन ओळी आणि तिच्या कार्डांबद्दल दीड पान. पत्र माझ्या नावाचं, पण पोस्टमनच्या हातून घेऊन मी घरात एका निरोप्यासारखं तिच्याकडे पोचवलं.

त्यांचं म्हणणं असं होतं की फेब्रुवारीत जळगावला एक चर्चासत्र आहे, त्यात तिनं हे मांडावं. जाणकारांपुढे ते टिकलं, तर ते स्वतः तिला पीएच.डी.साठी घेतील, भूगोल आणि भाषाविज्ञान दोन्हींच्या मधला विषय म्हणून. तिनं पत्र तीन वेळा वाचलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण तिला इतकं आनंदलेलं मी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, “मला एक टेबल लागेल.” मी म्हटलं, “घेऊ की.” आणि घेतलं नाही.

त्या हिवाळ्यात मी तिच्या आधी उठून एकटाच गावाला जायला लागलो. तिला सांगायचो, थंडीत तू कशाला येतेस, तुझं लिहिणं चालू दे. ती तरीही मधूनमधून यायचीच. मी मात्र आता जमीन मोजत नव्हतो. मला तिच्या सहा खान्यांत न बसणारी एक गोष्ट हवी होती. एकच. जगात दुसऱ्या कुठल्या माणसानं बायकोला खोटं पाडण्यासाठी इतकी पायपीट केली असेल असं वाटत नाही. प्रबंधासाठी मी एवढा कधी चाललो नव्हतो.

डिसेंबरच्या अखेरीला ती गोष्ट मला सापडली. शेपटाकडच्या फडाकडे जाणाऱ्या चारीवर, बांधाच्या आडोशाला, एक दगडी फरशी आडवी टाकलेली होती. हातभर रुंद, चारी ओलांडण्यापुरती लांब, दोन्ही टोकांना माती दाबून पक्की केलेली. माझ्या नोव्हेंबरच्या नकाशात ती नव्हती. तिथे वाट नव्हती, खळं नव्हतं, गोठा नव्हता. गडीमाणसं ती चारी नेहमी उडी मारून ओलांडायची. शिवाय चारीला हात लावायचा तर तो गावाच्या संमतीनंच, हा तिथला कडक नियम. मग फरशी टाकली कोणी आणि का?

मी विचारत सुटलो. पाटकरी आबांना विचारलं, “ही फरशी कोणी टाकली?” आबा दुसरीकडे पाहत म्हणाले, “काय माहीत सर. पडी गयी व्हई.” फड राखणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “व्हतीच ना तठे.” मिरच्या तोडणाऱ्या बायकांना विचारलं, तर त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि इतक्या हसल्या की एकीच्या हातातली पाटी कलंडली. “आमले काय इचारतस, घर इचारा,” असं एक अक्का म्हणाली आणि पुन्हा हशा झाला. मला वाटलं, शहाण्या मास्तराची फजिती चालली आहे. मी वहीत लिहिलं, अकरा जणांना विचारलं, कोणीही कर्ता सांगत नाही, कोणीही हेतू सांगत नाही. खाली दोन रेघा मारल्या. परतीच्या एसटीत उभं राहायची पाळी आली, पण मला त्याचं काही वाटलं नाही, इतका मी खुशीत होतो.

घरी मी तिला यातलं अक्षरही बोललो नाही.

संक्रांतीच्या सुमारास तिनं मला सांगितलं की ती गरोदर आहे, चौथा महिना लागला आहे. आधी एकदा दोन महिन्यांचं होऊन गेलं होतं, म्हणून या वेळी तिनं तीन महिने कोणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. तीन महिने सरेपर्यंत बोलू नये असं आमच्याकडे मानतात, दृष्ट लागते. मला आनंद झाला, खरंच झाला. आणि त्याच वेळी, हे लिहायला हात धजत नाही पण लिहितो, मनात आलं की आता चर्चासत्राला जाणं हिला जमणार नाही. ती म्हणाली, “जळगाव किती लांब आहे? एसटीत पुढच्या सीटवर बसेन.”

जळगावच्या त्या सभागृहात पन्नासेक माणसं असतील. बहुतेक भूगोलवाले, थोडे भाषेचे. मार्गदर्शक अध्यक्षस्थानी. ती निळ्या काठाच्या साडीत उभी राहिली, फळ्यावर सहा खाने आखले आणि बोलायला लागली. अजिबात अडखळली नाही. गाळाचं सांगितलं, खळ्याचं सांगितलं, ऊस कसा आधीच दिसला ते सांगितलं. मागच्या रांगेतले दोघं तंबाखू चोळायचे थांबले होते. माझ्या शेजारचे गृहस्थ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “नशीबवान आहात.” मी त्यांना धन्यवाद म्हटलं आणि खिशातली वही चाचपली.

प्रश्नांच्या वेळी मी उभा राहिलो. नवऱ्यानं प्रश्न विचारायचा म्हटल्यावर सभागृहात थोडं हसू पसरलं. मी अत्यंत सभ्यपणे बोललो. म्हटलं, मांडणी सुंदर आहे, पण एक फरशी आहे. मग ती कुठे आहे, कधी नव्हती, कधी आली, हे नकाशा उलगडून दाखवलं. अकरा जणांची उत्तरं वाचून दाखवली. म्हटलं, “इथे जागा बदलली हे उघड आहे. पण कर्ता नाही, हेतू नाही, वाक्यच नाही. बाईंच्या कार्डावर ही फरशी कुठे बसते?”

बाई असं मी तिला म्हणालो. चारचौघांत घरचं नातं आणायचं नाही म्हणून.

ती माझ्याकडे पाहत राहिली. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण मार्गदर्शकांनी पेन खाली ठेवून वर पाहण्याइतका वेळ. तिचा हात साडीच्या पदरावर होता. मग ती म्हणाली, “त्या फरशीचं कार्ड मी केलेलं नाही.”

“का?” मार्गदर्शकांनी विचारलं.

“नाही केलं,” ती म्हणाली आणि खडू ठेवून खाली बसली.

मार्गदर्शक चांगले गृहस्थ होते. समारोपात त्यांनी तिचं कौतुक केलं, पण म्हणाले, माणसं बोलतात तिथे हे चालतं, माणसं गप्प राहतात तिथे काय करायचं याचं उत्तर अजून यायचं आहे. यावर आणखी काम व्हायला हवं. नोंदणीचं नाव त्यांनी काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरच्या पत्रांतही नाही. उलट माझ्याबद्दल म्हणाले की इतकं बारीक निरीक्षण हल्ली दुर्मीळ झालं आहे. जेवणात शेवभाजी होती. मी दोनदा घेतली.

परतीच्या एसटीत एरंडोल आलं, पारोळा आला. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, रागावली असेल, भांडेल. भांडणाची तयारीही मी करून ठेवली होती, संशोधनात नातं पाहायचं नसतं वगैरे. ती भांडली नाही. धुळं आल्यावर म्हणाली, “भाजी घेऊन जाऊ या का?”

कार्डं तिनं बुटांच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकली. जुलैत मुलगी झाली. दोन वर्षांनी मला पीएच.डी. मिळाली, घरी पेढे आले, आणि ते सगळ्यांना तिनंच वाटले. प्रबंधाच्या सुरुवातीला तिचे आभार आहेत, ‘क्षेत्रभेटींत सोबत केल्याबद्दल’. ते वाक्य मी फार विचार करून लिहिलं होतं. पुढे मला जळगावला जागा मिळाली, तीही तिथल्याच एका महाविद्यालयात लागली, आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. हेवा संपला असं मला वाटायचं, कारण हेवा करण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

नव्वदनंतरची काही वर्षं गेली. मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन त्या गावाला गेलो. फड आता विस्कळीत झाले होते, प्रत्येकानं आपापली विहीर खणली होती, मोटारी बसवल्या होत्या. पाटकरी आबा थकले होते, बाजेवर बसून होते. मला ओळखून त्यांनी पहिलं विचारलं, “ताई नही उनी का?” आणि लगेच, “पोर कितली मोठी व्हयनी?”

मी सांगितलं, आठ वर्षांची झाली. मग आश्चर्य वाटून विचारलं, “आबा, मुलगी झाल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तिन्हीच चिठ्ठी धाडी व्हती. पाटवरना बठ्ठासले गूळ वाटा मी.” आबा हसले. “त्या पोरना करताच तर आम्ही चारीवर फरशी टाकी.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. आबांना वाटलं मला ऐकू कमी येतं. त्यांनी मोठ्यांदा सांगितलं, “पोटुशी बाईले चारीवरतीन उड्या माराले लावतस का? ती बायासपा बसाले जाये दर खेपले तठून. मन्ही बायकोनी तिले पाहताच वळखं. मंग गावले इचारी टाकी दिधी.”

“पण मी विचारलं तेव्हा तुम्ही कोणी बोलला नाहीत.”

आबा माझ्याकडे बघतच राहिले. “तीन महिना सरेल नव्हतात ना सर. असं तोंडवर बोलतस का? नि तुमले तं माहीतच व्हतं. आमले वाटनं, सर गंमत करी राह्यनात, आमनाच तोंडतीन वदवाले देखतस. बाया कितल्या हासल्यात!”

मी विद्यार्थ्यांना काय शिकवलं त्या दिवशी, मला आठवत नाही. आठवते ती माझी वही, अकरा जणांची उत्तरं आणि खालच्या दोन रेघा. कर्ता गाव होतं. हेतू माझ्याच घरात होता. तिचे सहाच्या सहा खाने भरलेले होते आणि ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्या सभागृहात एक वाक्य बोलली असती, तर फरशीनं तिची मांडणी पाडली नसती, उभी केली असती.

घरी पोचलो तेव्हा ती पेपर तपासत बसली होती. जळगावच्या घरात तिला टेबल होतं. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. चप्पलही न काढता मी म्हटलं, “आबांनी सांगितलं. फरशीचं.”

तिनं लाल पेन थांबवलं. “बरे आहेत का ते?”

“तू बोलली का नाहीस? त्या दिवशी, सगळ्यांसमोर. एका वाक्याचं काम होतं.”

“काय बोलायचं? ही फरशी माझ्यासाठी टाकली, कारण मला दिवस गेले होते, आणि हे साऱ्या गावाला कळलं होतं, फक्त हा उभा आहे त्याला नाही?” आवाज तिनं चढवला नव्हता. “तुमचं हसं झालं असतं. पन्नास माणसं होती.”

“माझं होऊ द्यायचं होतंस.”

“तेवढं मला जमलं नाही,” ती म्हणाली. “आणि मला वाटलं होतं, घरी आल्यावर तरी तुम्ही विचाराल. त्या फरशीचं मला काय ठाऊक आहे ते. एसटीत वाटलं, रात्री जेवताना वाटलं. वर्षभर तरी वाटत होतं.”

मी खुर्चीवर बसलो. आता मी क्षमा मागायला हवी होती, तो क्षण मला स्पष्ट दिसत होता. वाक्य जिभेवर तयार होतं. पण तोंडातून बाहेर पडलं ते दुसरंच. मी म्हणालो, “मी त्या गावात त्याच्या आधी सहा वर्षं जात होतो. माझ्यासाठी कोणी कधी एक दगड हलवला नाही.”

तिनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, असता तर बरं झालं असतं.

“अजूनही?” तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. तिनं चष्मा लावला आणि पुढचा पेपर ओढून घेतला.